पूल वाढवण्याआधी कनेक्शन कोण धरून बसलंय ते बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं आठवलं. आधी हिकारीकडून (जावा ॲपसाठी डेटाबेस कनेक्शनचा तयार साठा, म्हणजे पूल, सांभाळणारी लायब्ररी) '३० सेकंदांत कनेक्शन मिळालं नाही' अशी एरर आली, म्हणून तुम्ही पूल १० वरून ५० केला. आता पोस्टग्रेस डेटाबेसच 'टू मेनी क्लायंट्स' म्हणतंय, म्हणजे त्याच्याकडची कनेक्शनच संपली. ते होणारच होतं. ॲपच्या दोन इन्स्टन्स (चालू प्रती), प्रत्येकी ५०, झाली १००. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आणि त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव.

कनेक्शन क्लोज करणं, ट्राय-विथ-रिसोर्सेस (जावात ते आपोआप क्लोज करणारी रचना) वगैरे तुम्ही करत असणारच, ते सोडतो.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं होस्टिंग कंपनीच्या सपोर्टने. दर तिकिटाला एकच उत्तर: मर्यादा वाढवा, त्यासाठी मोठा प्लॅन घ्या. घेतला. थोडे दिवस शांतता, मग पुन्हा तेच. त्यांच्यातल्या एकानेही पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (कोणतं कनेक्शन आत्ता काय करतंय ते दाखवणारी पोस्टग्रेसची यादी) उघडून पाहिलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. एवढे पैसे घेता तर निदान एक क्वेरी चालवून बघा!

शेवटी आम्हीच ती चालवली. जवळजवळ प्रत्येक ओळीत स्टेट एकच, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्के होणारे बदल, उघडं ठेवून नुसतं थांबलेलं), आणि शेवटची क्वेरीही एकच: ऑर्डर टेबलवरचं अपडेट. डेटाबेसला काहीच काम नव्हतं. कोडमध्ये ट्रान्झॅक्शन उघडून ऑर्डर अपडेट व्हायची, त्याच मेथडमधून पेमेंट गेटवेला एचटीटीपी कॉल जायचा आणि उत्तर आल्यावर कमिट, म्हणजे बदल पक्का. गेटवे चटकन उत्तर देतो तोवर कळतही नाही. तो २० सेकंद रेंगाळला की एकाच वेळी आलेले दहा ग्राहक दहाचा पूल अडवतात, आणि त्या ओळींवरचं लॉकही तोवर सुटत नाही.

माझं मत ठाम आहे: ट्रान्झॅक्शन उघडं असताना बाहेरचा कॉल नाही म्हणजे नाही. 'पेंडिंग' लिहून कमिट करा, मग कॉल, मग निकाल दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये. मध्येच प्रोसेस मेली तर लटकलेल्या ऑर्डरी गेटवेशी पडताळणारा जॉब हवाच. एचटीटीपी क्लायंटला टाइमआउटही द्या.

स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) आणि जेपीए (जावातून डेटाबेस वापरायची प्रमाण पद्धत) असेल तर आणखी एक. ओपन-इन-व्ह्यू (पूर्ण रिक्वेस्टभर डेटाबेस सेशन उघडं ठेवणारं सेटिंग) आपोआप चालू असतं. ते तसंच राहिलं तर कमिट झाल्यावरही रिक्वेस्ट संपेपर्यंत कनेक्शन पूलमध्ये परत जात नाही, आणि वरची सगळी मेहनत वाया. ते बंद करा, मात्र लेझी लोडिंगच्या (जोडलेला डेटा लागेल तेव्हाच आणण्याच्या) एरर येतील, त्याची तयारी ठेवा. हिकारीचं लीक डिटेक्शनही मुळात बंद असतं. ५ सेकंदांवर लावलं की तेवढा वेळ अडकलेलं कनेक्शन कोडमध्ये कुठे घेतलं, त्याचा स्टॅक ट्रेस लॉगमध्ये मिळतो.

मी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) नाही आणि तुमचा कोडही पाहिलेला नाही, त्यामुळे तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं. सर्व्हरलेसवर (जिथे मागणीप्रमाणे ॲपच्या प्रती वाढतात) असाल तर गणितच बदलतं, तिथे पीजीबाउन्सरसारखं, कनेक्शन वाटून देणारं काहीतरी मध्ये लागतं.

पूल परत १० वर आणा. पुन्हा अडकलं की रीस्टार्ट करायच्या आधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीतले स्टेट, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ आणि क्वेरी हे तीन कॉलम इथे टाका, ग्राहकांची माहिती झाकून. बघून सांगतो.