मिनिएचर (शिपाई वगैरेंच्या बोटभर मूर्ती) रंगवायला सुरुवात करतोय. 60 रंगांचा सेट घ्यावा, की मोजके रंग पुरतात?

पुरतात. तुम्ही लिहिलंय की 28 मिमीचे शिपाई रंगवायला नुकतीच सुरुवात केली आहे आणि दुकानदार 60 बाटल्यांचा खोका पुढे करतोय. तो खोका तूर्त दुकानातच राहू द्या. माझ्या कपाटात तसाच एक पडून आहे. त्यातल्या निम्म्या बाटल्यांची झाकणं आता पक्कड लावल्याशिवाय उघडत नाहीत, आणि उघडली तरी आत रबराची गोळी निघते. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण वाळलेल्या ॲक्रिलिकला तर अजिबातच नसतं.

सध्या माझ्या टेबलावर सातच रंग असतात: टायटॅनियम व्हाइट, काळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, एक भडक लाल आणि एक लिंबासारखा पिवळा. त्यातही रोजचं काम ऑकर, सिएना, अल्ट्रामरीन आणि पांढरा हे चौघंच ओढतात. ऑकर आणि सिएना म्हणजे आपल्या रामरज आणि गेरूचेच भाऊबंद, दोघांत रंग येतो तो लोहामुळे. पिवळी माती भाजली की तांबूस होते, भट्टीतल्या विटेसारखी. चामडं, लाकूड, घोडा, मातकट कापड, कातडी हे सगळं या मातीच्या रंगांतच येतं, आणि शिपायाच्या अंगावर दुसरं असतं तरी काय?

कमी रंगांची गोष्ट निघाली की आंदर्स झोर्न (1860–1920) या स्वीडिश चित्रकाराचं नाव येतंच. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅलेटमध्ये, म्हणजे रंगसंचात, चारच तैलरंग आहेत: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन म्हणजे आपला हिंगुळ, आणि आयव्हरी ब्लॅक. निळा नाहीच! काळ्यात पांढरा मिसळून झालेला राखाडी ऑकर आणि लालाच्या शेजारी ठेवला की डोळा त्यालाच निळा समजतो. काळ्यात ऑकर घातला की शेवाळी हिरवा. एखादी मिनिएचर या चार रंगांत जरूर रंगवून बघा, खूप शिकायला मिळतं. मात्र नेपोलियनच्या पायदळाचा गडद निळा कोट असल्या राखाडीवर निभत नाही, म्हणून मी अल्ट्रामरीन सोडत नाही.

दुसरंही एक कारण आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा अल्ट्रामरीन आणि तेवढाच बर्न्ट सिएना घेऊन ब्रशने कालवा. जवळजवळ काळा रंग होतो, पण बाटलीतल्या काळ्यासारखा मेलेला नाही. सिएना वाढवला की जुन्या खोगिराचं चामडं. निळा वाढवला की रात्रीची सावली. पांढऱ्याचा टिपका टाकला की पावसाळी ढग. सिएना म्हणजे मुळात काळवंडलेला नारिंगी, आणि नारिंगी हा निळ्याचा विरोधी रंग, त्यामुळे दोघं एकमेकांचा रंगीतपणा मारतात. मी हेच मिश्रण प्रत्येक कपड्याच्या सावलीत थोडंथोडं घालतो. कोट, पट्टा, टोपी, बूट सगळे मग एकाच माणसाच्या अंगावरचे वाटतात. 60 बाटल्यांतून प्रत्येक वस्तूला वेगळी सावली लावत बसलं की गोधडी होते.

कातडीसाठी 'फ्लेश' लिहिलेली बाटली घेऊ नका, ती बहुधा युरोपियन गुलाबी असते. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आठवा, उन्हातान्हात सह्याद्री तुडवणारी माणसं आणि तोंडं स्ट्रॉबेरी आइस्क्रीमची. दोन भाग सिएना, एक भाग ऑकर आणि किंचित पांढरा, हा झाला आपल्याकडचा रापलेला चेहरा. डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली त्याच मिश्रणात अल्ट्रामरीनचा टिपूस घाला. काळा घातलात तर काजळी माखल्यासारखी दिसते. उजेड नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर आणि बोटांच्या पेरांवर द्यायचा, तोही ऑकर आणि पांढरा एकत्र करून. नुसता पांढरा वाढवला की चेहऱ्याला भस्म लागतं.

आता न होणाऱ्या गोष्टी. झळझळीत जांभळा आणि मोरपिशी यातून होत नाहीत. अल्ट्रामरीनमध्ये भडक लाल मिसळून जांभळा करायला गेलात तर वांग्याचं भरीत मिळेल. मिश्रणात चमक नेहमी थोडी मरतेच. जादूगार आणि राक्षसच रंगवायचे असतील तर क्विनॅक्रिडोन मॅजेंटा आणि थॅलो ब्लू असे दोन जास्तीचे घ्या. थॅलो मात्र सुईच्या टोकाएवढाच घ्यायचा, बाकीच्या रंगांना तो बघता बघता गिळतो. तलवारी-चिलखतांना चंदेरी लागेलच, तो वेगळा धरा.

खरेदी करताना ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे रंगद्रव्याचा कोड असतो, उदाहरणार्थ अल्ट्रामरीनचा पीबी 29. एकच कोड असेल तर उत्तम. दोन-तीन असतील तर तो आधीच कालवलेला रंग आहे, त्यात आणखी दोन घातले की गढूळ होणारच. छंदासाठी म्हणून मिळणाऱ्या 17-18 मिलीच्या बाटल्यांतला रंग पातळ आणि मॅट, म्हणजे चकाकी नसलेला असतो, सोय चांगली. चित्रकारांची ॲक्रिलिक ट्यूब त्या मानाने स्वस्त पडते, पण घट्ट असते. नुसतं पाणी ओतून पातळ केली तर रंग फाटतो, म्हणून थोडं मीडियम, म्हणजे ॲक्रिलिकचाच बिनरंगी द्रव, घाला. चकाकीवर शेवटी मॅट वार्निश.

पिवळा आणि लाल नीट झाकत नाहीत, हे मात्र सहन करावंच लागतं. काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, पिवळ्याचे सहा थर देत बसण्यापेक्षा आधी ऑकरचा एक थर द्या. लालाखाली सिएना चालतो.

रंग कालवायचे म्हणजे ते ओले राहायला हवेत. मे महिन्यात पंख्याखाली रंगाचा टिपका मिनिटा-दोन मिनिटांत सुकतो. झाकणाचा पसरट प्लास्टिक डबा, तळाशी ओले टिश्यू, वर बटर पेपर, झालं रंग कालवायचं पॅलेट. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग हाताशी.

एका गोष्टीत मात्र मोजक्या रंगांचा हट्ट सोडा. अख्खी तुकडी एका गणवेशात असेल तर मुख्य रंग तयार बाटलीतलाच घ्या, नाहीतर रिकाम्या बाटलीत भरपूर कालवून ठेवा आणि प्रमाण वहीत रंगाच्या ठिपक्यासकट लिहा. मी दहा जणांसाठी रात्री साडेअकराला एक सुंदर हिरवा कालवला होता. सातव्याच्या बाहीवर तो संपला. पुन्हा कालवलेला रंग पिवळ्या दिव्याखाली अगदी तसाच दिसला, सकाळी खिडकीत बघितला तर पोपटी. ते तिघं अजून मागच्या रांगेत उभे आहेत.