अब्रूला भुवई चिकटवू नका

‘अपमान आणि अब्रूनुकसानी एकच का, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याची हद्द नेमकी कुठे?’ असा प्रश्न आहे. एकच नाहीत. कुणी ‘गाढव’ म्हटलं की ‘अब्रूनुकसानीचा दावा ठोकतो’ म्हणणाऱ्यांनी आधी शब्द नीट पाहावा.

‘बदनामी’ सोपी, ती सोडून देऊ. गंमत ‘अब्रू’त आहे. फारसीत ‘अब्रू’ म्हणजे भुवई, संस्कृत ‘भ्रू’ची सख्खी बहीण. तेवढ्यावरून काही व्युत्पत्तिबहाद्दर ‘लोकांच्या भुवया उंचावल्या की अब्रू गेली’ असं ठोकून देतात. साफ चूक! आपला शब्द ‘आबरू’वरून आला: आब म्हणजे पाणी, तेज, रू म्हणजे चेहरा. मराठीत ‘आ’ आखडला, ‘ब’मधला ‘अ’ गळला आणि तो भुवईसारखा दिसू लागला, इतकंच. ‘आब राखून वागणं’, ‘गुलाब’, ‘पंजाब’ यांत तोच आब. ‘रूबरू’त तोच रू. मोत्यालाही पाणी असतंच की.

चेहऱ्यावरचं हे पाणी दिसतं ते इतरांना, आणि माझ्या मते कायद्याची मेखही तिथेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार अब्रूनुकसानी ठरायला आरोप तिसऱ्या माणसापर्यंत पोचावा लागतो. बंद खोलीत तोंडावर दिलेली शिवी म्हणजे अपमान. चिथावून शांतता भंगावी अशा हेतूने दिली तर कलम ३५२. तोच मजकूर व्हॉट्सॲपच्या गटात टाकला की तो तिसऱ्यापर्यंत पोचला. मग त्याने लौकिकाला धक्का बसतो का, हे पाहायचं. नुसत्या ‘गाढवा’ने तो सहसा बसत नाही, ‘संस्थेचे पैसे खाल्ले’ने बसतो.

‘खरं बोललं तर गुन्हा नाही’ हेही अर्धवट. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव आहे, फौजदारीत ते लोकहिताचं असावं लागतं. आणि दिवाणी दाव्याची मुदत एकच वर्ष. धमक्या देण्यातच ती संपते.

हद्दीचं म्हणाल तर संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये बोलण्यावर निर्बंध घालण्याची आठ कारणं आहेत, त्यांत अब्रूनुकसानी एक. निर्बंधांना ‘वाजवी’ची अट १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने लागली. ‘आमच्या भावना दुखावल्या’ हे स्वतंत्र कारण म्हणून त्या आठांत नाही.