तुमचा प्रश्न, आमचं उत्तर : नगरसेवकांनी दिल्लीवर बोलावं का?

प्रश्न : आमच्या प्रभागातले एक नगरसेवक महापालिकेच्या सभेत उभे राहिले की थेट दिल्लीलाच पोचतात, कधी जीएसटी, कधी पाकिस्तान. आणि इकडं पाणी आज सुटणार की उद्या, हे मी शेजारच्या काकूंना फोन करून विचारायचं. देशाचं बघायला खासदार आहेत ना? असं बोलायला चालतं तरी का?
– एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमचा राग बरोबर आहे, पण अर्धाच.

आधी नियमाचं सांगतो. महापालिका चालते 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर, आणि त्यात पाणी, गटार, रस्ते, दिवाबत्ती, सफाई ही कामं करावीच लागतात असं लिहिलंय, म्हणजे तिथं सवड मिळाली तर बघू असं चालत नाही. देशाच्या विषयावर सभेनं ठराव केलाच तर ती फार तर सरकारला केलेली विनंती, दिल्ली त्याला बांधील नाही. शिवाय कलम 451 खाली राज्य सरकार महापालिकेचा ठरावच रद्द करू शकतं. त्यामुळं पाकिस्तानवरच्या भाषणानं फार तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, तुमच्या नळाला काही येत नाही.

जीएसटीचं मात्र तसं नाही हो. पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर महापालिकेची स्वतःची जकात होती, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून भरपाईचं अनुदान राज्य सरकारकडनं येतं. म्हणजे घरातल्या कर्त्याचा पगार आता दुसऱ्याच्या हातनं येतो, आणि तो उशिरा आला की ठेकेदाराचं बिल थांबतं, बिल थांबलं की तुमच्या गल्लीतला खड्डा तसाच राहतो. यावर नगरसेवक बोलला तर बोलू द्या, उलट कमीच बोलतात.

आता सोलापूरच्या पूर्व भागातलं बघा. तिथं घराघरात बायका विड्या वळतात, कारखान्यातनं पानं आणि तंबाखू आणायचं, रात्री पानं भिजवून ठेवायची, पत्र्याच्या फर्म्यावर कापायची, मांडीवर सूप घेऊन वळत बसायचं, आणि मजुरी मिळते हजार विड्यांवर. चेकरनं खराब म्हणून काढलेल्या विड्या त्या हजारात धरत नाहीत. या विडीवर 2017 ला 28 टक्के जीएसटी लागला, सप्टेंबर 2025 मध्ये तो 18 वर आणायचं ठरलं, आणि दोन्ही वेळा निर्णय झाला दिल्लीत. विडी तब्येतीला वाईटच, त्यात वाद नाही, पण ती बंद पडली तर या बायकांनी करायचं काय हा प्रश्न सोलापूरचाच आहे ना? तो सभेत निघाला तर मला आवडेल. फक्त नुसता निषेध करून खाली बसू नये, या वस्तीतल्या दवाखान्याला, बालवाडीला यंदाच्या बजेटमध्ये किती पैसे ठेवलेत तेही त्याच दमात विचारावं, कारण ते नगरसेवकांच्याच हातात आहे.

आणि देशाचं राजकारण सोलापूरच्या पालिकेला नवीन आहे असंही नाही बरं का. 6 एप्रिल 1930 ला, ब्रिटिश असताना, इथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला होता. त्याच वर्षी मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. तेव्हाच्या नगरपालिकेतल्या लोकांनी इंग्लंडच्या पार्लमेंटवर भाषण ठोकून चहा घेतला नव्हता, स्वतःच्या ताब्यातल्या इमारतीवर झेंडा लावला होता आणि पुढचं भोगायची तयारी ठेवली होती. आत्ताच्या भाषणांना हे माप लावलं तर निम्मे वक्ते खाली बसतील (हे माझं मत, संपादकांचं नाही).

तर तुमच्या नगरसेवकांना भेटलात की भाषणाचा विषय काढूच नका, नुसतं विचारा की मागच्या सहा महिन्यांत पाण्यावर लेखी प्रश्न किती दिले आणि उत्तर काय आलं, कॉपी दाखवा. उजनी धरणातनं शहराला पाणी आणणारी पाइपलाइन शंभर किलोमीटरच्या वर लांब आहे, त्यामुळं कुठं लिकेज, कुठं वीज गेली ही कारणं ऐकायला मिळतीलच, पण लेखी उत्तरात तारीख आणि अधिकाऱ्याची सही असते, तोंडी उत्तरात काहीच नसतं.

प्रश्न : आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. गटाराची तक्रार घेऊन गेलं की हा म्हणतो त्याच्याकडं जा, तो म्हणतो तिसऱ्याकडं. नेमकं जायचं कुणाकडं?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : चौघांकडं! सोलापुरात 102 नगरसेवक आणि 26 प्रभाग, बहुतेक प्रभागात चार-चार. निवडणुकीला अ, ब, क, ड अशा जागा असतात, पण निवडून आल्यावर अख्खा प्रभाग चौघांचाही असतो. ही गल्ली माझी, ती त्याची, ही वाटणी त्यांनी आपसात केलेली असते, तुम्ही ती मानायचं कारण नाही. एकच अर्ज लिहा, वर चौघांची नावं टाका, एक प्रत झोन ऑफिसला द्या आणि पोच घ्या, पोच न घेता परत येऊ नका. आणि चौघांच्या व्हॉट्सॲपवर तोच फोटो एकाच वेळी टाका, कुणाकुणाला पाठवलाय ते खाली लिहून.