शंभर येनची नाणी आणि थंड डोकं

प्रिय भावी जपानकर,

एन-थ्रीचा, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचा निकाल कळला, ऑफर लेटरही आलं. अभिनंदन! ऑफिसात कुणापुढे किती वाकायचं हे तिथले लोक शिकवतीलच. टोकियोतल्या अकिहाबाराच्या गेम सेंटरमधून पगार शाबूत घेऊन बाहेर कसं यायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. म्हणून हे पत्र.

शिनचॅन हिंदीत बघितला, मोठ्या भावंडांनी टीव्हीला जोडायच्या डब्यावर कॉन्ट्रा खेळली (तो डबा म्हणजे निन्टेन्डोच्या 1983च्या फॅमिली कॉम्प्युटरची बिनदिक्कत नक्कल), एवढ्यावर जपान कळलं असं समजू नकोस. तिथे सुटाबुटातला माणूस ऑफिस सुटल्यावर पांढरे हातमोजे चढवून एका गोल पडद्यावर दहा मिनिटं थपडा मारतो, घाम पुसतो आणि गुपचूप लोकल पकडतो. कुणी वळूनही बघत नाही. आपणही बघायचं नाही.

जुन्या नकाशांवर सेगा या गेम कंपनीची गेम सेंटरं दिसतील. सेगाने तो धंदा विकला आणि 2022पासून त्या दुकानांवर गिगोची पाटी आहे, तेव्हा सेगा शोधत फिरू नकोस. आत शिरल्यावर पहिलं काम सुट्ट्या पैशांचं. भिंतीपाशी मशीन असतं, त्यात हजाराची नोट घातली की शंभराची दहा नाणी येतात. एका वेळी एकच नोट मोडायची. खिशात वीस नाणी खुळखुळत असली की डोकं चालेनासं होतं, आणि हे मालकाला तुझ्याआधी कळलेलं असतं.

तळमजल्यावर जवळजवळ नेहमीच क्रेनची मशीनं असतात. सेगाने 1985 साली यूएफओ कॅचर आणलं, तेव्हापासून हा पंजा जपान्यांच्या खिशात आहे. बहुतेक ठिकाणी एका खेळाला 100 येन, आणि 500 एकदम टाकले तर सहा खेळ. सहाव्या फुकट खेळाच्या मोहाने पाचशे टाकणारे सगळीकडे दिसतील. तू आधी शंभरच टाक आणि पंजाची पकड किती आहे ते बघ.

आता नीट वाच. दोन समांतर दांड्या, मध्ये फट, आणि त्यावर आडवा ठेवलेला फिगरचा, म्हणजे कार्टूनमधल्या पात्राच्या बाहुलीचा खोका. या मांडणीला हाशीवाताशी म्हणतात आणि तुझे सगळ्यात जास्त पैसे इथेच जाणार. नवखा माणूस पंजा खोक्याच्या बरोबर मध्यावर नेतो. पंजा मिटतो, खोका बोटभर उचलला जातो, सटकतो आणि होता तिथे बसतो. नवखा म्हणतो, पंजा सैल आहे. आहेच! तो खोका उचलायला नाही, सरकवायला दिलेला आहे. नेम एका टोकावर धरायचा. पंजाचा एकच हात खोक्याच्या कडेखाली जाईल असं बघायचं. ते टोक उचललं गेलं की खोका थोडा फिरतो. पुढच्या खेळात दुसरं टोक. असं आलटून पालटून केलं की खोका तिरका होत जातो आणि एक कोपरा फटीत उतरतो. मग उचलणं बंद. आता वर राहिलेल्या कडेवर पंजा उतरवून ती खाली दाबायची. खोका उभा घसरून पडला तर ताते-हामे, आडवा पडला तर योको-हामे. कुठला रस्ता जवळचा ते फटीच्या रुंदीवरून आधीच ठरवायचं.

चुकतं कुठे? बहुतेक वेळा खोलीच्या अंदाजात. पहिलं बटण पंजा उजवीकडे नेतं, दुसरं आत. बटण सोडलं की पंजा थांबतो, मागे येत नाही. समोर उभं राहून आतलं अंतर कळत नाही, म्हणून दुसरं बटण दाबण्याआधी बाजूच्या काचेतून बघ. बरोबर कुणी असेल तर त्याला तिथेच उभं कर. दुसरी चूक वजनाची. खोक्यात सगळा माल सारखा पसरलेला नसतो. एक टोक जड निघतं आणि कितीही झटलं तरी हलत नाही. पहिल्या दोन खेळांत कुठलं टोक सहज उठतं ते बघून पुढचा बेत कर. तिसरी चूक सगळ्यात महागडी: तिरका झालेला खोका पुन्हा सरळ करून ठेवणं. त्यावर उपाय एकच, दुकानातल्या पोराला हाक मारायची. "सुमिमासेन, आशिसुतो ओनेगाइशिमास", म्हणजे माफ करा, जरा मदत करा. तो किल्ली काढून काच उघडतो, खोका सोयीच्या जागी सरकवतो आणि नेम कुठे धरायचा तेही बोटाने दाखवतो. यात कमीपणा काही नाही. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने चिडून गेलेलं त्यांनाही नको असतं. एन-थ्रीचा खरा उपयोग इथे आहे.

तीन बोटांचा पंजा दिसला तर प्रकार वेगळा. तो टेडी झोकात उचलतो, वर नेतो आणि तिथे पोचल्यावर बोटं ढिली सोडतो. या मशीनमध्ये पकड दुकानदाराने लावून ठेवलेली असते. ठरावीक पैसे जमल्याशिवाय ती घट्ट होत नाही, त्यामुळे इथे तुझ्या हाताच्या कसबाला फारसं काम नाही. दुसऱ्याने तीन हजार ओतून सोडलेल्या मशीनवर झडप घालणारे महाभाग असतात. त्यांना तिथे हायना, म्हणजे तरस म्हणतात, आणि ते कौतुकाने नाही. तुझ्या मशीनवर असं होऊ नये म्हणून सुट्टे आणायला जाताना त्या पोराला सांग, तो जागा राखून ठेवतो.

थांबायचं कधी, याचं माझं मत पक्कं आहे. या बक्षिसांची किंमत साधारण 1000 येनच्या आत ठेवावी लागते, तसा तिथला नियम आहे. म्हणजे पाच हजार घालवून मिळवलेली फिगर मुळात हजाराचीच. तीच फिगर, खोका न उघडलेली, दोन गल्ल्या पलीकडच्या जुन्या मालाच्या दुकानात पुष्कळदा दीड-दोन हजाराला पडलेली असते. तेव्हा आधी त्या दुकानात फेरी मार, भाव बघ आणि तेवढ्याच पैशांचा खेळ खेळ. मर्यादा संपली की सरळ दुकानातून विकत घे. मात्र ऑफिसात सांगताना जिंकली म्हणून सांग, सगळे तेच करतात.

कॅप्सूलच्या मशीनांना, म्हणजे गाचापोनला, कसब लागत नाही, गणित लागतं. बान्दाई या खेळण्यांच्या कंपनीने 1977मध्ये आपली मशीनं आणली तेव्हा 100 येन पडायचे, आता 300 ते 500. नाणी उभी एकामागे एक सरकवायची आणि मूठ पूर्ण फिरवायची. अर्ध्यात सोडली तर कॅप्सूल अडकते. विषय काहीही असतो. 2012मध्ये कपाच्या काठाला लटकणारी ऑफिसातल्या बाईची छोटी बाहुली आली आणि लोकांनी तिच्यासाठी रांगा लावल्या. सहा प्रकारांचा पूर्ण संच हवा असेल तर, प्रत्येक प्रकार सारखाच निघेल असं धरलं तरी, सरासरी पंधरा वेळा मूठ फिरवावी लागते. चारशेच्या भावाने सहा हजार येन झाले, तेही एका लटकत्या बाईसाठी! दोन-तीन काढ, आवडतील त्या ठेव. जास्तीच्या लगेच टाकू नकोस, ऑफिसात अदलाबदलीला गिऱ्हाईक मिळतं.

मोबाइल गेममधल्या गाचाचा, म्हणजे पैसे टाकून नशिबाने बक्षीस काढण्याचा, हिशेब याहून वाईट. एक टक्का शक्यता म्हणजे शंभर वेळा काढल्यावर नक्की मिळणार, असं वाटतं. शंभर वेळा काढूनही मिळण्याची शक्यता 63 टक्केच असते. ठरावीक तुकडे जमवले की मोठं बक्षीस देणारा प्रकार तर ग्राहक खात्याने 2012 साली बेकायदा ठरवला. फोनमध्ये कार्ड जोडूच नकोस, यावर चर्चा नाही.

वरच्या मजल्यांवर पैसा वसूल होतो. ताइको नो तात्सुजिन, 2001पासून चालू असलेला ढोलाचा खेळ, इथून सुरुवात कर. पडद्यावर लाल ठिपका आला की ढोलाच्या मध्ये, निळा आला की कडेवर, ठिपका मोठा असेल तर दोन्ही टिपऱ्या एकदम. ठिपके उजवीकडून डावीकडे येतात, नजर डावीकडच्या गोलावर ठेव. ढोलाकडे बघितलंस की ताल गेला. गणपतीच्या पथकात वाजवलं असेल तर खास सांगणं: जोर लावू नकोस. टिपरी सैल धर आणि तिला आपोआप उसळू दे, नाहीतर दुसऱ्या गाण्यात मनगट भरून येईल आणि ठोका उशिरा पडेल.

हातमोज्यांचा तो गोल पडदा म्हणजे माइमाइ, सेगाने 2012मध्ये आणलेला तालाचा खेळ. समोरून तो थेट वॉशिंग मशीन दिसतो. हातमोजे शोभेचे नाहीत. पडद्यावर बोट घासत न्यावं लागतं आणि घामेजलेलं बोट अडकतं. साधे सुती चालतात. खेळ संपला की आधी मागे बघ. कुणी उभं असेल तर बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचं. ते कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून आपणच कळून घ्यायचं.

पुरिकुराच्या फोटो मशीनांत नुसत्या मुलांच्या टोळक्याला पुष्कळ ठिकाणी मज्जाव असतो, पाटी वाचून आत जा. चारशे-पाचशे येनमध्ये डोळे दुप्पट, हनुवटी निम्मी. आधार कार्डावरच्या फोटोचा सूड घ्यायचा तर हीच जागा. फक्त फोटोवर खरडायला दिलेला वेळ बघता बघता संपतो, आधी नावं लिही, बदाम मागून काढ.

परत येताना नाणी उरतीलच. पैसे बदलून देणारे नाणी घेत नाहीत, म्हणून नारिता विमानतळावर नेमकी त्याच हिशेबाने गाचापोनची मशीनं मांडून ठेवलेली आहेत. शंभराची तिथे संपव. पाचशेचं नाणं मात्र त्यातल्या बहुतेक मशीनांना चालत नाही, त्याच्या दोन ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घे आणि विमानात बस.