गोठ्यातले प्रश्न: गाईच्या तोंडात घातलेला हात

प्रश्न: डॉक्टर ताई, पोळ्याच्या सुमारास आखरावर एका कुत्र्यानं आमच्या गाईला नाकाजवळ चावा घेतला होता. जखम भरून आली, आम्ही विसरून गेलो. दिवाळी झाली आणि गाय खाईना. तोंडातून लाळेच्या तारा, सारखी हंबरायची, आवाजही घोगरा. कुटारातला काटा घशात अडकला असेल म्हणून यांनी तोंडात हात घालून पाहिलं. चौथ्या दिवशी गाय गेली. आजारी पडेपर्यंत घरात तिचंच दूध होतं. शेजारी म्हणतात गाय पिसाळली होती, सगळ्यांनी इंजेक्शनं घ्या. सासूबाई म्हणतात, कुत्रं माणसाला चावलंच नाही तर इंजेक्शन कशाला? काय करावं?
– एक वाचक भगिनी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, तुम्ही पत्राखाली फोन नंबर लिहिला होता हे फार बरं झालं. हा प्रश्न पुढच्या अंकापर्यंत थांबणारा नव्हता. आपलं बोलणं झालं, तुमच्या यजमानांची लसही सुरू झाली. आता लिहिते आहे ते बाकीच्या घरांसाठी.

तुम्हाला दुधाची काळजी होती. मला धास्ती वाटली ती हाताची. रेबीजचा, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचा, विषाणू लाळेत असतो. गुराला हा रोग झाला की गिळण्याच्या नसा लुळ्या पडतात, म्हणून लाळ गळते आणि पाहणाऱ्याला वाटतं की घशात काहीतरी अडकलंय. अडकलेलं काहीच नसतं. पण आपला कास्तकार जिवापाड जपलेल्या जनावरासाठी कोपरापर्यंत हात घालतो. मी नोकरीत आल्यापासून हे पुन्हा पुन्हा पाहते आहे आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

फोनवर मी यजमानांना विचारलं, हाताला जखम होती का? म्हणाले, नाही. मग विचारलं, कापसाची वेचणी सुरू आहे का? तेव्हा ते गप्प झाले. बोंडाच्या टोकांनी नखांजवळ चिरलेली बोटं वऱ्हाडात कुणी जखमेत धरतच नाही. पण लाळ आत जायला तेवढी चीर पुरते. चिरलेल्या कातडीवर पिसाळलेल्या जनावराची लाळ लागली, तर डॉक्टर ते तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर प्रकारात मोजतात. त्यात लसीबरोबर सीरमही (विषाणूला लगेच अडवणारं तयार औषध) लागतं, आणि ते जखमेतच टोचावं लागतं. सीरम लहान दवाखान्यात मिळेलच असं नाही. तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवलं तर त्याच दिवशी जा.

सासूबाईंना माझा निरोप सांगा: चावा नसला तरी लाळेतून रोग होतो, आणि लक्षणं दिसल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. लक्षणं यायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी वर्षही. तुमच्या गाईलाही पोळा ते दिवाळी एवढा काळ लागलाच ना? म्हणून ‘इतके दिवस काही झालं नाही’ या बोलण्याला अर्थ नाही. उशीर झाला असेल तरी जायचं. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून गावोगाव आहे. ती पद्धत केव्हाच गेली. आता दंडात कातडीखालच्या थरात न टोचता कातडीतच लस देतात: पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी. सरकारी रुग्णालयात ती मोफत आहे.

लाळ लागल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. तिखट, चुना, हळद काही भरायचं नाही.

आता दूध. तुमच्याकडे ते उकळूनच वापरलं, आणि उकळल्यावर हा विषाणू टिकत नाही. दुधासाठी मुलांना इंजेक्शन नको. गाईला चारा घालताना कुणाच्या हाताला लाळ लागली असेल, त्यानं मात्र डॉक्टरांना दाखवावं. वासरालाही आमच्या गुरांच्या दवाखान्यात आणा, गाय त्याला चाटत होती. गुरांनाही कुत्रं चावल्यावर लस देता येते. ती पोळ्यालाच मिळाली असती तर गाय वाचण्याची चांगली आशा होती.

प्रश्न: लम्पी झालेल्या बैलाची सेवा केल्यानं माणसाला लम्पी होतो का?
– एक वाचक, ता. हिंगणघाट

उत्तर: नाही. तो विषाणू माणसाला होत नाही. बैलाची सेवा बिनधास्त करा, फक्त दुसऱ्या गुरांपासून त्याला वेगळं बांधा.

प्रश्न: चांदीपुरा ताप गोठ्यातून येतो असं ऐकलं. घराला लागूनच गोठा आहे, लहान नातू आहेत.
– एक आजोबा, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर: आजोबा, हा विषाणू आपल्याच मुलखातला. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. गुरांना, शेळ्यांनाही त्याचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा त्यांच्या रक्तात सापडल्या आहेत. पण मुलांपर्यंत तो येतो वाळूमाशीच्या चाव्यातून. ही माशी डासापेक्षा बारीक, मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि शेणाच्या ओलीत राहणारी. गोठा पाडू नका. भेगा बुजवा, शेण रोज घरापासून लांब टाका, नातवंडांना जमिनीवर न झोपवता खाटेवर आणि बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवा. साध्या मच्छरदाणीतून ती आत शिरते.

पावसाळ्यात लेकराला एकदम जोराचा ताप आला आणि झटका आला किंवा ते गुंगीत गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. या आजारात एक-दोन दिवसांतच मूल हातचं जाऊ शकतं. रात्रीच 108 ला फोन करून रुग्णालयात न्या.