तुकडा न काढता डोळ्यातील गाठ ओळखता येते का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६१ आहे. मोतीबिंदू फार पिकल्याने आतला पडदा दिसेना, म्हणून डोळ्याची सोनोग्राफी केली, तर तीत गाठ आढळली. आता मिरजेला एमआरआय करायला सांगितले आहे; तुकडा मात्र काढणार नाहीत. मग कर्करोग आहे की नाही हे पक्के कसे ठरणार?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : इतर अवयवांच्या बाबतीत तुकड्याची तपासणी हाच अंतिम पुरावा मानतात, त्यामुळे आपली शंका रास्त आहे. परंतु डोळ्यात सुई घातल्यास रक्तस्रावाचा आणि गाठीतील पेशी बाहेर पसरण्याचा थोडा धोका असतो, म्हणून चित्रांवरून उलगडा न झाल्यासच बहुधा तो मार्ग धरतात.

दृष्टिपटलाखालच्या रक्तवाहिन्यांच्या थरात उद्भवणारा मेलॅनोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग) बी-स्कॅन सोनोग्राफीत, म्हणजे डोळ्याचा आडवा छेद दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, घुमटासारखा किंवा अळंबीसारखा दिसतो आणि त्याच्या आतून ध्वनिलहरी क्षीण परततात. याउलट रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठीतून त्या जोरकस परततात. एमआरआयमध्ये मेलॅनिन हे रंगद्रव्य टी-१ चित्रात उजळ आणि टी-२ चित्रात काळसर उमटते (ही एमआरआयच्या चित्रांची दोन प्रकारची नावे), मात्र रंगद्रव्य कमी असलेल्या गाठीत ही खूण पुसट असते. गाठ डोळ्याच्या भिंतीबाहेर गेली आहे का, याचाही त्यातून अंदाज येतो.

अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात मेलॅनोमा समजून काढलेल्या ४१३ डोळ्यांपैकी ४११ डोळ्यांत पॅथॉलॉजीनेही (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीनेही) तेच निदान दिले, असे १९९० साली प्रसिद्ध झाले. त्या गाठी मध्यम किंवा मोठ्या होत्या आणि तपासणारे या विषयातले मुरलेले तज्ज्ञ होते, हे मात्र विसरू नये. आपल्या आईच्या डोळ्यात मोतीबिंदूमुळे थेट पाहणेच शक्य नसल्याने चित्रांवर अधिक भार पडतो. म्हणून एकाच अहवालावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

स्तन किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाची गाठही डोळ्यात येऊन बसू शकते. आईला पूर्वी असा आजार झाला असल्यास तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. मेलॅनोमा यकृतात पसरण्याची शक्यता असल्याने पोटाची तपासणी सुचवली, तर ती टाळू नये. पेसमेकर किंवा शरीरात धातूचा तुकडा असल्यास एमआरआयपूर्वीच कळवावे. गाठीची उंची मिलिमीटरमध्ये नोंदलेले मूळ चित्र जपून ठेवावे, कारण पुढे गाठ वाढली की नाही हे त्याच्याशीच ताडून पाहतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मात्र डोळ्याच्या कर्करोगाच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतल्यावाचून उरकू नये.