वायरलेस पॅडवर फोन तापतो, चार्ज मात्र होत नाही

प्रश्न : रात्री फोन वायरलेस पॅडवर ठेवून झोपतो. कधी पूर्ण चार्ज होतो, तर कधी सकाळी बघावं तो निम्म्यावरच, वर चांगला तापलेला. जास्त वॉटचा अडॅप्टर घेऊ का?

उत्तर : अडॅप्टरचं नंतर बघू, आधी फोन पॅडवर नेमका कुठे ठेवता ते बघा. वीज किती घ्यायची हे ठरवतो फोन. पॅड हुकमाचा ताबेदार. 'ची' (Qi) या वायरलेस चार्जिंगच्या मानकाच्या पॅडवर फोन टेकला की तो ज्या कॉइलमधून (तारेच्या वेटोळ्यातून) वीज घेतो, त्याच कॉइलमधून पॅडला निरोप धाडू लागतो : वाढव, कमी कर, राहू दे. वेग सेकंदाला जेमतेम २,००० बिट, पण एवढं सांगायला तो पुरतो. निरोप थांबले की पॅड एक-दोन सेकंदांत वीज तोडतो.

माझ्या टेबलावरच्या पॅडच्या कॉइलला ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) जोडलेलाच असतो. फोन बोटभर बाजूला सरकवा, पडद्यावर कॉइलमधल्या विजेची फ्रीक्वेन्सी (सेकंदाला होणारी आवर्तनं) उतरताना दिसते. झालेलं असतं असं, की पॅडच्या आणि फोनच्या कॉइलमधलं कपलिंग (चुंबकीय जोड) कमी होतं, फोनला वीज अपुरी पडते आणि तो 'वाढव, वाढव' चा धोशा लावतो. पॅड बिचारा फ्रीक्वेन्सी रेझोनन्सजवळ (जिथे कॉइलमधून सर्वांत जास्त करंट वाहतो त्या फ्रीक्वेन्सीजवळ) आणून करंट वाढवतो. त्यातली बरीचशी वीज कॉइलच्या तांब्यात आणि फोनच्या आतल्या धातूत उष्णता होऊन वाया जाते. बॅटरी तापली की फोन स्वतःच चार्जिंग आवरतं घेतो. तुमचं 'निम्म्यावरच' बहुधा इथलंच. (रात्रीच्या नोटिफिकेशनांनी थरथरणारा फोन गुळगुळीत पॅडवर सरकतोसुद्धा. व्हायब्रेशन बंद ठेवा.)

२०२३ मध्ये आलेल्या 'ची २' मध्ये गोल चुंबक दिले ते याचसाठी : कॉइल कॉइलवर आपोआप बसते. तुमचा फोन तसा नसेल तर चार्जिंग सुरू झाल्यावर तो मिलिमीटर-मिलिमीटर सरकवून, थोडा वेळ थांबून, कुठे कमी तापतो ते शोधा. पॅडचा मध्य म्हणजे कॉइलचा मध्य असेलच असं नाही.

कव्हरला स्टँडसाठी लोखंडी चकती चिकटवली असेल तर आधी काढा. फोन 'एवढी मिळाली' म्हणतो, पॅड 'एवढी दिली' मोजतो. तफावत जास्त दिसली की मध्ये धातू आहे असं धरून पॅड बंद होतो.

आता अडॅप्टर. पॅडवर छापलेल्या इनपुटपेक्षा कमी ताकदीचा असेल तर जरूर बदला, नाहीतर व्होल्टेज बसतं आणि पॅड सारखा बंद-चालू होतो. त्याहून मोठा घेतलात तर पैसे वाया.